आमचाच हाय

पोलिसांची गाडी दारात थांबली तेव्हा तुकाबाई कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. पुण्याला लागलेल्या सूसमध्ये आता मेंढरं राखायला रान उरलेलं नाही, तरी या धनगरणीनं हट्टानं पाच-सहा ठेवली होती. मागची खोली तिनं मफिजुलला भाड्यानं दिलेली. तो महाळुंग्याच्या नव्या इमारतींत फरशी बसवायचा आणि तिला मावशी म्हणायचा.

हवालदारानं त्याला अंगणात उभं केलं. बंगाली बोलणाऱ्यांची धरपकड चालली होती. ज्याच्यावर संशय, त्याची रवानगी थेट बांगलादेशच्या सीमेवर. मफिजुलनं आधार दिलं, मतदार कार्ड दिलं. दोन्हींवर मुर्शिदाबाद, पश्चिम बंगाल. दोन्ही खरी. हवालदार ती उलटीसुलटी करून बघत होता. बघून कदाचित निघूनही गेला असता.

पण तुकाबाईचा धीर सुटला. धनगरांची जुनी रीत आहे. फॉरेस्टच्या गार्डानं कुणाचंही मेंढरू धरलं, की जवळ असेल त्यानं ‘आमचंच हाय’ म्हणून सोडवायचं. धनी कोण ते मागनं बघता येतं. तिनं अशी कितीतरी सोडवली होती. खोटं बोल पण रेटून बोल!

“सायेब, ह्यो आमचाच हाय,” ती पुढं होत म्हणाली. “माज्या भनीचा ल्योक. बंगाली न्हाई न् काय न्हाई.”

मफिजुल घाईनं मान हलवू लागला. “मावशी, नको…”

हवालदारानं मान वर केली. “बहिणीचा मुलगा? मग हे मुर्शिदाबाद कुठनं आलं? तू ह्याला लपवतेस, म्हणजे कार्डं खोटी.”

“खोटी मी हाय, सायेब! त्याचं कागद खरं हायेत.”

“आता आठवलं होय?” त्यानं शिपायाला खूण केली. शिपायानं मफिजुलला दंडाला धरून गाडीत चढवलं.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. तुकाबाई गाडीची जाळी धरून उभी राहिली. तिला स्वतःची जीभ छाटून टाकावीशी वाटत होती.

“कुटं सोडनार त्याला?”

“हद्दीपलीकडं.”

“तितं त्याचं कोन हाय?”

“ते तिकडचे बघतील. इकडं ये, तुझा जबाब घ्यायचाय.”

हवालदारानं बॉनेटवर कागद ठेवला. नाव लिहिलं. वय अंदाजानं लिहिलं.

“जन्म कुठला?”

“काय ठावं. मेंढरं कोकणात उतरत व्हती, तवा वाटंत कुटंतरी. कागद न्हाई त्याचा.”

“राहू दे गं आजी, तुझं काय एवढं,” असं म्हणत त्यानं ‘सूस’ लिहिलं आणि तिचा अंगठा शाईवर टेकवला.