चोवीस मुक्काम

"त्याला हलू देऊ नकोस," ताई म्हणाली. तिने मापाची टेप कुत्र्याच्या छातीभोवती फिरवली आणि आकडा खडूने टेबलावरच लिहून ठेवला.

बारक्याने कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. पन्नाशी उलटलेला, वीज कंपनीत तीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस. पण बहिणीच्या तोंडी तो अजून बारक्याच होता.

दुपारची वेळ, तिच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कुत्र्याच्या पाठीवरची पिशवी शिवायची होती. दोन्ही अंगांना एकेक कप्पा, एकात खाणं, दुसऱ्यात पाणी आणि पंजांना लावायचं मलम. वजन दोन्हीकडे सारखं हवं, नाहीतर कुत्रा एका बाजूला कलतो आणि चार दिवसांत लंगडायला लागतो. हे सगळं बारक्या गुरांच्या डॉक्टरला विचारून आला होता.

चारशे दहा किलोमीटर चालायचं. त्याच्या कचेरीपासून निघायचं आणि गावोगाव थांबत इस्पितळाच्या जळीत विभागासाठी मदत गोळा करत जायचं. त्याच विभागात गेल्या वर्षी त्याचा कामावरचा तरुण जोडीदार अकरा दिवस होता, आणि मग गेला. जोडीदार खांबावर असताना तारेत वीज आली; खाली स्विचपाशी बारक्या होता. चौकशीतून बारक्या सुटला. स्वतःच्या तावडीतून मात्र अजून सुटला नव्हता.

कुत्रा त्या जोडीदाराचा. नाव फ्यूज. चालणं संपणार होतं ते जोडीदाराच्या आईच्या दारात, आणि फ्यूज तिथेच राहणार होता.

"हे बघ, सगळं आखलंय." बारक्याने कागद उलगडला. पट्टीने रेघा मारून चोवीस ओळी पाडल्या होत्या. दिवस, गाव, अंतर, मुक्काम. तेराव्या दिवशी हापशी कुठे लागते तेही लिहिलं होतं. नवव्या दिवशी सावली नाही, म्हणून पहाटेच निघायचं. डांबर तापलं की कुत्र्याचे पंजे भाजतात.

ताईला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्याने कशात तरी जीव ओतला होता. दाढीही केलेली दिसत होती.

"शाळेत वही अशी ठेवली असतीस तर साहेब झाला असतास," ती म्हणाली.

तो हसला. तिने मशीनवर कापड सरकवलं. "पिशवीवर नंबर शिवते. कुत्रा हरवलाच तर. तुझाच ना?"

"त्याच्या आईचा टाक."

"तू बरोबर असताना?"

"माझा लागला नाही तर." मग कुत्र्याकडे बघत, "रेंज नसते वाटेत."

ताईने पायडलवरचा पाय काढला. कागद पुन्हा जवळ ओढला आणि या वेळी खालून वाचला. चोविसावा दिवस, सकाळी नऊ. कुत्रा, त्याच्या लसींचं कार्ड, इस्पितळाची पावती, आईच्या हाती सोपवणे. त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या. पुढे कागद कोरा.

"परत कशाने येणार आहेस?"

"बघू."

तेराव्या दिवसाची हापशी ठाऊक असलेला माणूस बघू म्हणत होता.

"बूट किती जोड घेतलेस?"

"एकच. तेवढ्याला पुरतात."

"आणि खोलीची किल्ली? माझ्याकडे ठेव, जाऊन येऊन झाडून घेईन."

"मालकाला दिली." पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं त्याने सांगितलं. "सामानही वाटून टाकलं. कुणाकुणाला उपयोगी पडेल."

"आल्यावर राहणार कुठे?"

"ताई, तू पिशवी शिव ना."

सुई कापडात रुतलेली तशीच सोडून ती उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. लहानपणी तो खोटं बोलायचा तेव्हा ती अशीच समोर उभी राहायची.

"बारक्या, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का तुझ्या?"

तो फ्यूजच्या कानामागे खाजवत राहिला. कुत्र्याने डोळे मिटले.

"त्या माऊलीसमोर एकदा उभं राहायचंय," शेवटी तो म्हणाला. "ती काय बोलेल ते ऐकायचंय. त्याच्या पुढचं मला दिसतच नाही, ताई. खूप बघितलं. नाही दिसत."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ताईने दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं.

"मी येते तुझ्याबरोबर."

"तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. दुखले तर मी बघेन."

"दुकान?"

"दुकानाला कुलूप असतं."

त्याने मान हलवली. "चोवीस दिवस आहेत, ताई."

"पंचवीस."

त्याने वर बघितलं. तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, कागद त्याच्याकडे फिरवला आणि दोन रेघांच्या खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"लिही."

त्याने पेन घेतलं नाही. तिने हात मागे घेतला नाही.