ठसका

अंगणवाडीतल्या वजनकाट्याची झोळी सकाळपासून रिकामीच लोंबत होती. एकही आई बाळाला घेऊन आली नव्हती.

काल कदमांच्या तान्ह्या नातीचं वजन करताना पोलंडहून आलेली स्वयंसेविका सगळ्यांदेखत म्हणाली होती, "केवढी गुटगुटीत!" संध्याकाळी बाळ तापलं. असं बोलून दाखवायचं नसतं, दृष्ट लागते, हे तिला आज कळलं.

माफीचं वाक्य घोकत ती कदमांच्या दाराशी गेली, पण ऐन वेळी मराठीच आठवेना. ताप उतरून बाळ झोपलं होतं. आजीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इकडं ये. बस पाटावर."

ती अवघडून पाटावर टेकली. आजीनं मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि तिच्यावरूनच ओवाळून चुलीत टाकल्या. "चार महिने झाले, सगळं गाव बघतंय तुझ्याकडं. इथं तुझी दृष्ट काढायला आहे कोण?"

मिरच्या तडतडल्या, जळाल्या. आजी सुनेकडं वळली. "ठसका नाही, म्हणजे केवढी लागली होती बघ पोरीला!"

खरंच, ठसका कुणालाच लागला नव्हता. तरी तिचे डोळे वाहत होते.