लिमाहून आलेली नवरी

“अंतरपाट मी घरून आणलाय,” संपदाबाई आपल्या मुलाला, अमोलला म्हणाल्या.

उत्तनच्या त्या लॉनवर आजवर कधी अंतरपाट धरला गेला नव्हता. अमोल आणि त्याचा भागीदार दिपेश तिथे परदेशी पाहुण्यांसाठी ‘फिल्मी शादी’ लावायचे. हिंदी सिनेमांनी वेड लावलेली माणसं कुठून कुठून यायची, भरजरी कपडे चढवून एकमेकांना हार घालायची, ढोलावर नाचायची आणि फोटो घेऊन आपापल्या देशी जायची. होमातली आग बॅटरीवर पेटायची. भटजी म्हणून दिपेशचा ड्रायव्हर सोवळं नेसून बसायचा आणि तोंडाला येईल ते पुटपुटायचा. कुणाची काही तक्रार नव्हती.

या वेळची पाहुणी मात्र एकटीच होती. लुसिया, पेरू देशातल्या लिमा शहरात शाळेत शिकवणारी. एकट्या बाईला नवरदेव म्हणून एरवी दिपेश उभा राहायचा, तोही बायकोची परवानगी घेऊन. पण संपदाबाईंनी फर्मान काढलं, “या खेपेला अमोल उभा राहील.”

“आई, मी कशाला?”

“तू उभा तर राहा. मग नेहाचं बघू.”

नेहाचं बघू! हे ऐकायला अमोलचे कान दोन वर्षं आसुसले होते. नेहा त्यांच्या कार्यक्रमांचे फोटो काढायची आणि सिल्व्हर पार्कात अमोलच्याच मागच्या बिल्डिंगमध्ये राहायची. दोघांचं जमलंय हे साऱ्या सोसायटीला ठाऊक होतं, संपदाबाईंनाही. नेहाला त्या कोलंबीचं कालवण डब्यात भरून द्यायच्या, ती तापाने पडली तेव्हा उशाशी बसल्या होत्या. आणि लग्नाचं नाव काढलं की ‘नाही’ एवढंच म्हणायच्या. का नाही, ते विचारायची सोय नव्हती. काकूंच्या मनाविरुद्ध उंबरठा ओलांडणार नाही, हा नेहाचा हट्ट. त्यात तिच्या वडिलांनी आता दुसरी स्थळं बघायला घेतली होती.

म्हणून अमोल निमूट फेटा बांधून घेत होता.

आतल्या खोलीत संपदाबाई लुसियाला पिवळी नऊवारी नेसवत होत्या. तिला लाल लेहंगा हवा होता.

“ये पिक्चर में नहीं होता,” ती म्हणाली. तिचं सगळं हिंदी सिनेमातूनच आलेलं.

“पिक्चर को छोडो. ये असली है.”

असली म्हटल्यावर लुसियाचा चेहरा खुलला. तिच्या हातातल्या हिरव्या चुड्याचा फोटो काढता काढता नेहाने विचारलं, “हमारा पिक्चर इतना क्यों पसंद है तुमको?”

“मेरी माँ मर गयी, मैं अकेली रोयी. सब लोग काम पे चले गये. आप की फिल्म में कोई अकेला नहीं रोता. पूरा खानदान रोता है.”

संपदाबाईंचा हात थबकला. मग त्यांनी निऱ्या नीट खोचल्या.

मांडवात ड्रायव्हरच्या जागी त्यांच्या घरचे गुरुजी बसले होते. वास्तुशांतीपासून बारशापर्यंत सगळं तेच करायचे. मुहूर्त त्यांनीच काढला होता. मंगलाष्टकं झाली, सगळी. होमात खऱ्या समिधा पडल्या. कन्यादानाला कुणीतरी हवं म्हणून गुरुजींनी दिपेशला आणि त्याच्या बायकोला पाटावर बसवलं. दिपेश घामाघूम झाला.

“गुरुजी, थोडक्यात आटपा ना,” अमोल हळूच म्हणाला.

“थोडक्यात काही नको,” संपदाबाई मागून म्हणाल्या. “सगळं विधिवत होऊ दे.”

त्यांनी पर्समधून मंगळसूत्र काढलं. नेहमीचं खोटं नव्हे, सोनाराच्या डबीतलं, कोरं. नेहाने कॅमेरा खाली घेतला.

“काकूंना परदेशी सून हवीय, अमोल,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “तुला दिसत नाहीये का?”

त्यालाही तेच दिसत होतं. आईला कसली भुरळ पडली होती देव जाणे. तो डबीला हात लावेना.

“आई, हे फार होतंय. ही बिचारी याला खेळ समजतेय.”

“तू बांध. नेहाचं बघते म्हटलंय ना मी?”

त्याने बांधलं. सप्तपदीची सातही पावलं चालला. लुसिया आनंदाने रडत होती.

तिचं विमान त्याच रात्रीचं होतं, त्यामुळे उन्हं उतरायच्या आत गाडी आली. पाठवणीला रडण्यासाठी दिपेश नेहमी दोन बायका बोलवायचा. आज त्यांना काही कामच उरलं नाही. संपदाबाईंनी लुसियाची खणानारळाने ओटी भरली, तिला पोटाशी धरलं आणि त्या हमसून हमसून रडल्या.

“सुखी राहा, पोरी. मला माफ कर.”

लुसियाला त्यातला एक शब्द कळला नाही. ती आणखीच बिलगली. मग गाडी वळणापलीकडे गेली.

नेहाने कॅमेरा बॅगेत भरला. “उद्यापासून दुसरा फोटोग्राफर बघ, अमोल,” ती म्हणाली आणि चालू लागली.

“थांब गं,” संपदाबाईंनी हाक मारली. “उद्या आईबाबांना घेऊन घरी ये. बोलणी करू तुमच्या लग्नाची.”

नेहा वळली.

“आता?” नेहाचा आवाज चढला. “दोन वर्षं नाही म्हणालात. आज माझ्यासमोर दुसरीशी त्याचं लग्न लावलंत. आणि आता मला बोलावताय, काकू?”

संपदाबाईंनी पदराने डोळे कोरडे केले आणि नेहाचा हात हातात घेतला.

“याची पहिली बायको नांदायची नाही, असं गुरुजींनी मला कधीच सांगून ठेवलं होतं. तुला कशी गं मी पहिली म्हणून आणणार होते?”