मेलेलं कलम पुढच्या दारात

सानिकाने वाळलेली आंब्याची कलमं घमेल्यात भरली, वर पालापाचोळा टाकला आणि शेडच्या मागच्या दाराने निघाली. मागे पऱ्या भरून वाहत होता. एकदा पाण्यात गेली की कोण विचारतंय?

"अगो, कुठे चाललीस ती घेऊन?"

रोपवाटिकेच्या मालकीणबाई, लीलाकाकू, नेमक्या पऱ्यावर हात धूत होत्या. पावस गावच्या ह्या रोपवाटिकेत कामाला लागून सानिकाला पुरता महिनाही झाला नव्हता. आधीच्या ठिकाणी कलम मेलं की बांधणाऱ्याचा सगळ्यांसमोर उद्धार, पुन्हा मेलं की घरचा रस्ता. म्हणून तिथे कोणाचंच कलम कधी मरत नसे! मरायचं ते गुपचूप मातीत गाडलं जायचं आणि मालक गावभर फुशारक्या मारायचा.

"काकू, जीव लावून बांधली होती हो. कामावरून काढू नका," सानिकाला रडूच फुटलं.

"काढतंय कोण तुला? आपल्याकडे मेलेलं कलम मागच्या दाराने जात नाही, पुढच्या दारात जातं. चल."

काकूंनी पुढच्या दारात, येणारं गिऱ्हाईक अडखळेल अशा जागी, घमेलं ओतलं. "धाकू, विमला, या बघू. सानिकाची मेलीत."

झालं! आता चांगलेच धिंडवडे निघणार. सगळे हातातलं काम टाकून आले. पण सानिकाकडे कोणी पाहिलंच नाही, जो तो कलमांवर वाकला. म्हाताऱ्या धाकूने पट्टी सोडून सांधा नखाने खरवडला.

"बांधणी झकास आहे पोरीची. वर जोडलेली काडीच सुकलीय."

"विहिरीकडच्या झाडाची ना?" विमला म्हणाली. "माझीपण त्याच काड्यांची गेली."

काकूंनी एक काडी मोडून पाहिली.

"कोवळी आहे गो, जून व्हायला हवी होती. ह्या काड्या मी तोडल्या. घरी पाहुणे यायचे होते, घाई केली. चूक माझी. त्या झाडाच्या उरलेल्या काड्या कोणी बांधू नका." मग सानिकाकडे वळून म्हणाल्या, "तू ही पऱ्यात टाकली असतीस, तर मी पावसाळाभर कोवळ्याच काड्या तोडल्या असत्या आणि तुम्ही रडत बसला असतात."

मालकीण, आणि चारचौघांत 'चूक माझी' म्हणते! काय माणूस म्हणायचं हे! सानिकाला वाटलं, वाकून पायच धरावेत. पण तोवर काकू विळा घेऊन दुसऱ्या झाडाच्या जून काड्या तोडायला निघाल्यासुद्धा.

दुपारी रांगेत तिला मान टाकलेलं आणखी एक कलम दिसलं. ह्याची काडी चांगली जून होती, पट्टी मात्र तिनेच सैल बांधलेली. तिने पटकन आजूबाजूला पाहिलं. सवय जाते थोडीच! मग कलम डोक्यावर उंच धरलं आणि घसा खरवडून ओरडली,

"काकू, धाकूदादा, सगळी या हो! माझं अजून एक मेलं!"