वडाला भिडलेलं डांबर

डांबरी रस्त्यांमुळे पर्यावरणाचं काय बिघडतं, हे तपासायची आमच्या ह्यांची नोकरी. नेरूळमधल्या आमच्या सोसायटीबाहेरचा रस्ताही ह्यांनीच तपासला. “एकही झाड तोडलेलं नाही, म्हणजे झाडांवर परिणाम शून्य,” अहवालात ठोकून दिलं. वटपौर्णिमेला पूजेचं ताट धरून हे कौतुकाने माझ्यासोबत आले, वाचलेला वड दाखवायला. डांबर थेट बुंध्याला भिडलं होतं. मी तांब्याभर पाणी ओतलं. थेंबभरही मुरलं नाही. सगळं वाहत ह्यांच्याच बुटांखाली आलं. “अहो, झाडाने प्यायचं कुठून?” ह्यांनी पुढे रस्त्याचं काम चालू होतं तिथून पहार आणली आणि रांगेतल्या बायकांसमोर बुंध्याभोवतीचं डांबर स्वतः फोडलं. दुसरा तांब्या मातीने गटागट संपवला. “आता तरी दोरा गुंडाळ,” हे धापा टाकत म्हणाले. “गुंडाळते की! मघाशी सात जन्म मागायला जीभच रेटत नव्हती.”