हव्वेचा थोरला

‘मग जगातला पहिला शेतकरी कोण?’

‘आदाम!’ मुलं एका सुरात ओरडली.

रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. बेलापूरजवळच्या त्या चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत पुष्पावतीबाई एकोणतीस वर्षं मुलांना शिकवत होत्या. पुढचा धडा त्या अलीकडं गाळायच्या. आज मात्र नवे पाळकसाहेब दारात खुर्ची टाकून ऐकत बसले होते.

बाई सांगत राहिल्या. देवानं माणसाला बाग राखायला दिली. माणसानं ऐकलं नाही. मग जमिनीत काटे उगवले, घाम गाळल्याशिवाय भाकर मिळेना. आदाम-हव्वेला दोन मुलगे झाले. थोरला काइन जमीन कसायचा, धाकटा हाबेल मेंढरं राखायचा. देवाला धाकट्याचं अर्पण आवडलं. थोरला जळफळला. भावाला शेतात घेऊन गेला.

‘आणि त्याला मारलं,’ बाई म्हणाल्या.

मोठी मुलं खाली बघू लागली. त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी शेताच्या पाण्याच्या पाळीवरून बाईंच्या थोरल्या मुलानं, सुनीलनं, धाकट्या शमुवेलच्या डोक्यात फावडं घातलं होतं. कोर्टात साक्ष बाईंनीच दिली. सुनीलला जन्मठेप झाली. त्याची पत्रं यायची. बाई ती न फोडता चुलीत घालायच्या.

आठ वर्षांची स्नेहल गावात नवी होती. गेल्याच महिन्यात नागापूरहून आजीकडं राहायला आलेली. तिनं हात वर केला.

‘बाई, मग देवानं काइनला मारून टाकलं?’

‘नाही. हाकलून दिलं. पण कुणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूण केली.’

‘मग त्याची आई त्याला भेटायला जायची का?’

पाळकसाहेब घाईनं उठले. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

‘तसं कुठं लिहिलेलं नाही, बाळ.’

‘लिहिलं न्हाई, पण जात आसंल की,’ स्नेहल म्हणाली. ‘तिला तेवढा एकच तर राहिला हुता.’

त्या दिवशीची शेवटची प्रार्थना पाळकसाहेबांनी घेतली.

पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच पुण्याच्या एसटीत बसल्या. तुरुंगात दोन तास बाकावर थांबल्यावर नाव पुकारलं गेलं. जाळीपलीकडं सुनील येऊन उभा राहिला. चाळिशीच्या आतच त्याचे केस पिकले होते.

‘आये,’ एवढंच तो म्हणाला आणि रडू लागला.

बाई त्याच्या हातांकडं बघत राहिल्या. त्याच हातांनी शमुवेलचा जीव घेतला होता. सहा वर्षांत राग तसूभरही कमी झाला नव्हता. त्यांनी ना विचारपूस केली, ना डोळे पुसले. वेळ संपल्याचं शिपायानं सांगितलं, तेव्हा त्या पदर सावरून उठल्या.

‘माफ न्हाई केलं मी तुला,’ त्या म्हणाल्या. ‘पुढल्या महिन्यात परत येते.’