जात्याला टाकी

पीठ दळायची जुनी पवनचक्की आज बंद होती. आतल्या जात्याचा वरचा दगड साखळीनं उचलून उलटा ठेवला होता आणि सत्तरीचा डच चक्कीवाला विम गुडघ्यांवर बसून टोकदार हातोडीनं त्याला टाकी लावत, झिजलेल्या खाचा पुन्हा पाडत होता. चार घाव घातले की थांबायचा, सुजलेलं मनगट चोळायचा.

"दगड गुळगुळीत झाला की पीठ तापतं," तो बघायला आलेल्यांना इंग्रजीत सांगत होता.

हरीश आईला मराठीत सांगायला वळला.

"माहितेय," सरलाबाई म्हणाल्या. रायस्वाइकच्या घरून बस बदलून येईपर्यंतच त्यांचे पाय भरून आले होते. त्या एका पोत्यावर टेकल्या होत्या. पण नजर विमच्या हातावरून हलत नव्हती. "फार खोल मारतोय तो. कपच्या उडतील."

त्या उठल्या आणि विमसमोर हात पुढे केला.

"आई, नको," हरीश घाईनं म्हणाला.

विमनं एकदा त्यांच्याकडे, एकदा आपल्या मनगटाकडे पाहिलं. हातोडी दिली, डोळ्यांवरचा कपच्या अडवणारा चष्माही काढून दिला.

सरलाबाईंनी पदर खोचला. तळव्यानं दगड चाचपला. मग बारीक, एकसारखे घाव पडू लागले. मधून कडेकडे खाच सरळ सरकत गेली. विमनं त्यावरून बोट फिरवलं आणि बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.

हरीशची बायको योगिनी लेकीला कडेवर घेऊन जवळ आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासूच्या हातात असलं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आई, हे कुठे शिकलात तुम्ही?"

"अगं, गावाकडे सगळ्याच बायकांना येतं," हरीश मध्येच म्हणाला.

घाव थांबले.

"सगळ्या नाही. आमच्यातल्याच," सरलाबाई म्हणाल्या. "माझी आई 'जात्याला टाकीऽऽ' ओरडत दारोदार फिरायची. मी तिच्या मागे. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे."

हरीश खिडकीबाहेर बघू लागला.

योगिनीनं लेकीला त्याच्याकडे दिलं. सासूशेजारी खाली बसून ओढणीच्या टोकानं दगडावरची भुकटी पुसली.

"थोडं थांबा आई. दमला असाल."

"हे करून नाही दमले गं," सरलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची खाच धरली.